अर्धे घर अंधारात गेले तर

स्मरणिकेसाठी दरवर्षी आमच्याकडून बाजारभाव, साठवण अथवा करआकारणी ह्यांपैकी एखाद्या विषयावर लेख मागण्यात येतो. यंदा चालक मंडळींची क्षमा मागून आम्ही घरातील एक गोष्ट लिहीत आहोत. ती लिहिताना संकोच वाटतो, कारण तीत चूक आमची आहे. तथापि धान्याच्या भावात चुकले तर नुकसान पैशाचे होते. ह्या चुकीत आमच्या मातोश्रींच्या जिवावर बेतले होते. तेव्हा संकोच बाजूस ठेवणे प्राप्त आहे.

सन २०१९ चा ऑगस्ट महिना बेळगावकर सहसा विसरणार नाहीत. पाऊस उसंत घेत नव्हता. चातुर्मास सुरू होता. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपून मंडळी घरातच होती. आमचे घर जुने व लांबट आहे: पुढे बैठक, मध्ये देवघर आणि माजघर, मागे न्हाणीघर व मातोश्रींची खोली. पुरवठा तीन फेजचा असून वायरमनने पूर्वीच एकेका भागास एकेक फेज वाटून दिला होता. सातच्या सुमारास मागच्या भागातील दिवे मिणमिणले आणि गेले. बैठकीतील दिवे मात्र चालू राहिले. आम्ही म्हटले, एक फेज गेला असेल, येईल तासाभरात.

सूनबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. त्या म्हणाल्या, “अण्णा, पुढचे दिवे नेहमीपेक्षा फार पांढरे दिसतात. मेन बंद करू या का?” आम्ही उत्तर दिले, “आहे तेवढा उजेड तरी राहू द्या.” हे वाक्य आम्हास आजही टोचते. मातोश्रींना दम्याचा त्रास असे. पावसाळी हवेने त्या संध्याकाळी त्यांची छाती भरून आली होती आणि औषधाची वाफ देणारे यंत्र त्यांच्या अंधाऱ्या खोलीत बंद पडले होते. आमच्या सांगण्यावरून मुलाने बैठकीतील सॉकेटमधून लांब वायर ओढून ते यंत्र जोडले. यंत्र एकदा मोठ्याने घरघरले, जळका वास सुटला आणि ते कायमचे थांबले. पाठोपाठ टीव्ही गेला, इन्व्हर्टर गेला, बैठकीतील दिवेही एकेक करून गेले. तेव्हा कुठे मुलाने धावत जाऊन मेन स्विच पाडला. मातोश्रींना त्या पावसात शेजाऱ्यांच्या मोटारीतून इस्पितळात न्यावे लागले. चार दिवसांनी त्या सुखरूप घरी आल्या, ही जिनेश्वरांची कृपा.

दुसऱ्या दिवशी लाइनमन खांबावर चढला. फेज एकही गेला नव्हता. गेला होता तो न्यूट्रल. खांबावरील तांब्याच्या व अॅल्युमिनियमच्या तारांचा सांधा पावसाने कुजून सुटला होता. ह्या दोन धातूंचा थेट सांधा ओलाव्यात टिकत नाही, असे त्याने सांगितले.

न्यूट्रल म्हणजे काय, हे आम्ही त्यानंतर समजून घेतले. व्यापारी बंधूंना ते व्यापाराच्या भाषेत सांगतो. तीन फेज म्हणजे तीन खाती आणि न्यूट्रल म्हणजे त्या तिघांचा हिशेब जेथे मिटतो तो सामाईक रोजमेळ. तिन्ही फेजवरील भार समान असेल तर परत येणारे प्रवाह एकमेकांस वळते होतात व न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच वाहत नाही. भार कमीजास्त असेल तर जो फरक उरतो तो न्यूट्रल वाहून नेतो, आणि प्रत्येक खोलीस आपापले २३० व्होल्ट मिळतात. हा रोजमेळच हरवला की खाती एकमेकांच्या अंगावर येतात. दोन फेजमधील दाब सुमारे ४०० व्होल्ट असतो. तो आता दोन खोल्यांनी आपसात वाटून घ्यायचा, आणि ही वाटणी न्यायाची नसते. जिकडे भार थोडा तिकडे दाब जास्त पडतो. मागे २००० वॉटचा गीझर चालू असेल आणि पुढे सगळे मिळून २०० वॉटच असतील, तर तिसऱ्या फेजचा हिशेब तूर्त सोडला असता पुढच्या वस्तूंवर साडेतीनशेहून अधिक व्होल्ट येतात व मागे चाळीससुद्धा उरत नाहीत. त्या संध्याकाळी आमच्या घरी मातोश्रींच्या गरम पाण्यासाठी गीझर चालूच होता. मागचा अंधार आणि पुढचा झगमगाट ही एकाच बिघाडाची दोन रूपे होती, आणि त्यांतला धोक्याचा भाग उजेडाचा होता. आम्ही मातोश्रींचे यंत्र नेमके तिकडेच नेऊन जोडले.

येथे कोणी म्हणेल की बोर्डावर एमसीबी होते, ते का पडले नाहीत? एमसीबी प्रवाह जास्त झाला तर पडतो. दाब वाढला म्हणून तो पडत नाही. दाब मर्यादेबाहेर गेला की पुरवठा आपोआप तोडणारे वेगळे यंत्र मिळते. आमच्या घरी ते आता बसवलेले आहे. जळालेल्या सामानाच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही.

खरे पाहता बिघाडाने आगाऊ वर्दीही दिली होती. पंधरा दिवसांपासून मिक्सर सुरू केला की देवघरातील दिवा एकदम उजळे, आणि गीझर लावला की पंख्याचा वेग बदले. आम्ही ते पावसावर ढकलले. एका खोलीतील वस्तू लावल्याने दुसऱ्या खोलीतील दिवा उजळत असेल तर न्यूट्रलचा सांधा सैल झाला आहे असे समजावे आणि त्याच दिवशी वायरमनला बोलवावे.

अर्धे घर अंधारात जाण्याचे प्रत्येक कारण इतके भयंकर नसते. पण पाहणी कोठून सुरू करावी हे ठाऊक असले पाहिजे. प्रथम जे दिवे चालू आहेत त्यांच्याकडे पाहावे, गेलेल्यांकडे नंतर. चालू दिवे फार पांढरे, फार मंद किंवा कमीजास्त होत असतील तर काहीही न तपासता मेन पाडावा आणि वीज कंपनीस कळवावे. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. चालू दिवे नेहमीसारखे असतील तर दारात येऊन शेजारी पाहावे. त्यांच्याकडेही अर्धाच अंधार असेल तर बहुधा एक फेज गेला आहे, आणि आपल्या घरात करण्यासारखे काही नाही. अशा वेळी बंद फेजवरील सगळा भार चालू फेजवर टाकण्याची सवय आपल्या पेठेत पुष्कळांना आहे. तिने वायर तापते व मेन फ्यूज वितळतो. पंखे-दिव्यांपुरते ठीक, गीझर नको.

शेजारी सर्व ठीक असेल तर बोर्ड उघडावा. आपल्याकडील साधे बटण खाली केले की सुरू होते, एमसीबी मात्र वर केल्याने सुरू होतो. घाईत वृद्ध माणसे येथेच गोंधळतात. शिवाय पडलेला एमसीबी पुष्कळदा मध्येच अडकल्यासारखा राहतो. तो प्रथम पूर्ण खाली दाबून मगच वर करावा लागतो. तत्पूर्वी त्या भागातील सर्व प्लग काढून ठेवावेत. वर करताच पुन्हा पडला तर दोष वायरिंगमध्ये आहे. त्याला बोटाने वर धरून ठेवण्याचा हट्ट करू नये. टिकला तर एकेक वस्तू लावत जावी, जिच्यामुळे पडेल ती दोषी. आरसीसीबी पडला असेल तर वीज कोठेतरी गळते आहे. पावसाळ्यात बहुधा गीझर, धुण्याचे यंत्र किंवा अंगणातील दिवा ह्यांपैकीच कोणीतरी असते. तीस मिलीअँपियरची गळतीही न सोसणारा हा पहारेकरी माणसाच्या जिवासाठी बसवलेला असतो. तो वारंवार पडतो म्हणून त्यास वगळून वायर जोडून देणारे वायरमन आम्ही पाहिले आहेत. त्यांना पुन्हा घरात घेऊ नये.

सर्व एमसीबी वर आहेत आणि तरी खोली अंधारी आहे, असे असेल तर आतला सांधा जळालेला असण्याचा संभव फार. बोर्डापाशी जळका वास येतो काय, झाकण कोमट लागते काय, एवढेच पाहावे व मेन बंद करून जाणत्याची वाट पाहावी. टेस्टरवर तर मुळीच विसंबू नये. त्या रात्री आम्ही स्वतः मागच्या खोलीत टेस्टर लावून पाहिला होता. सॉकेटच्या दोन्ही भोकांत तो पेटला, आणि आम्ही समजलो की वीज आहे, सॉकेट बिघडले आहे! वास्तविक दोन्हीकडे टेस्टर पेटणे ही न्यूट्रल तुटल्याची ठळक खूण आहे. मागच्या वस्तूतून शिरलेला दाब परतीची वाट न सापडल्यामुळे दुसऱ्या भोकाशी येऊन उभा राहतो.

आणखी एक घातक उपाय सांगून ठेवतो, कारण तो त्या रात्री आम्हास एका हितचिंतकाने सुचवला होता. न्यूट्रल गेला तर अर्थिंगच्या तारेने तात्पुरते काम चालवा, असा तो सल्ला. तसे केले असता आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा असला तर फ्रिजच्या, गीझरच्या धातूच्या अंगावरच वीज येते. लहान मूल फ्रिज उघडण्यास गेले तर काय होईल, हे लिहवत नाही.

गोदामाविषयी दोन शब्द. चाळणीच्या किंवा डाळीच्या यंत्राची मोटर तीन फेजवर चालते. एक फेज गेल्यावरही ती पुष्कळदा कण्हत फिरत राहते व थोड्याच वेळात जळते. एक फेज जाताच तिला थांबवणारे यंत्र बसवून घ्यावे. दुसरे असे की कीड मारण्यासाठी आपण जी धुरी देतो तिचा वायू तांबे-पितळ खातो, दमट हवेत अधिकच. धुरी दिलेल्या गोदामातील बोर्डाचे सांधे काळे पडलेले आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहेत. बोर्ड धुरीच्या जागेबाहेर असावा हे उत्तम.

सूनबाईंनी आमच्या बोर्डाच्या झाकणाआत एक कागद चिकटवला आहे. कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, मेन कोणता, १९१२ हा क्रमांक, आणि सर्वांत वर मोठ्या अक्षरांत: “दिवे पांढरे दिसले तर आधी मेन पाडा, मग अण्णांना विचारा.” पाहुणे हसतात. आम्ही तो काढू दिलेला नाही.

दर वर्षी पावसाळ्यापूर्वी वायरमनकडून मेन पाडून सर्व सांधे आवळून घेण्याचा आता आमचा परिपाठ आहे. गेल्या खेपेस त्यास मीटरच्या पेटीत एक पाल मरून पडलेली आढळली. वायरच्या बाजूच्या मोकळ्या भोकातून ती आत शिरली असणार. अशी पाल दोन तारांना एकदम शिकली की जीवही जातो आणि फ्यूजही जातो. ती भोके आम्ही त्याच दिवशी बुजवून घेतली, व पेढीवरच्या पेटीचीही.