भटारखान्यातली निसरडी फरशी

हॉटेलच्या भटारखान्यात कुणी घसरून पडलं, की ‘बघून चालता येत नाही का?’ हे वाक्य ठरलेलं. फरशी मात्र चौकशीतून सहज सुटते.

चालताना पुढचा पाय टाचेवर टेकतो. त्या क्षणी शरीराचं वजन फरशीवर दाब देतं आणि पाय पुढेही रेटला जातो. सपाट जमिनीवर, साध्या चालीत हा रेटा खालच्या दाबाच्या साधारण एक पंचमांश असतो. तेवढं घर्षण मिळालं की पाय टिकतो. ढांगा लांब पडल्या की जास्त घर्षण लागतं, आणि ऐन जेवणाच्या गर्दीत सावकाश कोण चालतं?

फरशीवर तेल असेल तर टाच आणि फरशी यांच्यामध्ये पातळ थर राहतो. पाणी दाबाखाली चटकन बाजूला सरतं. तेल घट्ट, म्हणून रेंगाळतं. टाच दोन-तीन सेंटिमीटर सरकली तर जाणवतही नाही. दहाच्या पुढे गेली, की तोल सावरणं कठीण. त्यात हातात गरम तेलाची कढई असेल, तर भाजण्याचाही धोका. खाचांच्या तळव्याचे बूट तेलाला निसटायला वाट देतात.

याचा पडताळा अमेरिकेतल्या 36 फास्ट फूड रेस्टॉरंटांमधल्या 475 कामगारांच्या अभ्यासात मिळाला. 2011 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. फरशीचा घर्षणांक, म्हणजे घर्षणाचं खालच्या दाबाशी असलेलं प्रमाण, 0.1 ने जास्त असेल तिथे घसरण्याचं प्रमाण 21 टक्क्यांनी कमी होतं, आणि न घसरणारे बूट घालणाऱ्यांमध्ये 54 टक्क्यांनी.

सफाईतही गोम आहे. तेलकट पोछा तेल काढण्याऐवजी पसरवतो. चरबी तोडणारी विकरं असलेलं फ्लोअर क्लीनर गार पाण्यात वापरायचं असतं. कढत पाण्यात विकरं निकामी होतात. ‘गरम पाण्यानं तेल निघतं’ हा घरचा अनुभव इथे उलटा पडतो.

न घसरणारे बूट घ्यायचे कुणी? अमेरिकेतल्या शाळांच्या स्वयंपाकघरांमध्ये सुमारे 17 हजार कर्मचाऱ्यांवर एक चाचणी झाली. काही जिल्ह्यांत असे बूट फुकट दिले, काहींत नाहीत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बूट मिळालेल्या गटात घसरून होणाऱ्या दुखापतींचे भरपाईचे दावे 67 टक्क्यांनी घटले. दुसऱ्या गटात अशी घट दिसली नाही. कढई आणि शेगडी मालक घेतो. बूटही त्याच यादीत हवेत, आणि खाचा झिजल्या की नवे.