गरोदरपणात हिरड्यांवर उपचार करावा का?

"बाळंतपण होऊ दे, मग दाताचं बघू." नारपोली असो की भिवंडीचा दुसरा कुठलाही मोहल्ला, आपल्या घरांत मोठ्या बायकांकडून हे ऐकायला मिळतं. सल्ला मायेचा असतो, पण बरोबर नसतो.

गरोदरपणात हार्मोन्स वाढतात. त्यामुळे दातांवर थोडी जरी घाण साचली तरी हिरड्या सुजतात, ब्रश करताना रक्त येतं. दुर्लक्ष केलं तर हिरडी दातापासून सुटते, दात हलू लागतात.

याचा बाळाशी काय संबंध? 1996 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांच्या हिरड्या जास्त खराब, त्यांच्यात वेळेआधी आणि कमी वजनाची बाळं जास्त. मग हिरड्या साफ केल्या तर हे टळेल का? 2006 मध्ये तिथेच 823 गरोदर बायकांवर चाचणी झाली. निम्म्यांवर 21 आठवड्यांच्या आत उपचार केले, बाकीच्यांवर बाळंतपणानंतर. वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाण एका गटात 12 टक्के, दुसऱ्यात 12.8 टक्के. म्हणजे फरक जवळपास नाहीच. म्हणून "दात साफ करा, बाळ पूर्ण दिवसांचं होईल" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण त्याच चाचणीत दोन गोष्टी कळल्या. हिरड्या सुधारल्या आणि उपचारामुळे आईला किंवा बाळाला धोका झाला नाही. म्हणजे दुखणं सोसत नऊ महिने काढायची गरज नाही. दुखऱ्या दातामुळे आई नीट जेवत नसेल, तर ते नुकसान वेगळंच.

चौथा ते सहावा महिना उपचाराला सोयीचा. पू, सूज किंवा ताप असेल तर कधीही जा. डॉक्टरला आधी सांगा की दिवस गेलेत. दात बधिर करण्याचं नेहमीचं इंजेक्शन चालतं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या मात्र आणू नका. आयबुप्रोफेन, टेट्रासायक्लिन यांसारखी औषधं या काळात टाळतात.

आपल्याकडचा खरा शत्रू वेगळाच आहे: मिश्री. मुंबईत 1217 गरोदर बायकांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्री, तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं, वेळेआधी बाळंतपणंही जास्त झाली. मिश्रीने दात साफ होतात हा गैरसमज आहे. ती तंबाखूच आहे.

मिसवाक करत असाल तर जरूर करा, ती सुन्नत आहे. सोबत दिवसातून दोनदा मऊ ब्रशही करा. उलटी झाल्यावर लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भरा.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. भिवंडीकरांना इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. तिथे जाल तेव्हा हिरड्यांतून रक्त येतं हेही सांगा. आणि सासूबाईंनो, अम्मींनो, सुनेला, लेकीला अडवू नका, सोबत घेऊन जा.