‘शीर लशालोम’: लष्करी कलापथकातून आलेले शांतिगीत

‘शीर लशालोम’ म्हणजे शांतीसाठी गीत. हिब्रूतील हे सर्वांत गाजलेले युद्धविरोधी गाणे १९६९ मध्ये प्रथम गायले ते इस्रायली लष्कराच्याच एका कलापथकाने. सक्तीची लष्करी सेवा बजावणाऱ्या तरुण-तरुणींची ही पथके आघाडीवरच्या सैनिकांपुढे कार्यक्रम करत. त्यांची गाणी पुढे रेडिओवरून घरोघरी पोहोचत. हे गाणे गाणारे नाहाल या दलाचे पथक त्यांत विशेष नावाजलेले होते.

जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धानंतर देशात विजयगीतांना भरती आली होती. पण सुएझ कालव्याच्या काठी इजिप्तशी नवी लढाई पेटली. ती १९७० च्या ऑगस्टपर्यंत रेंगाळली आणि मृतांच्या याद्या वाढतच गेल्या. गीतकार याकोव रोटब्लिट यांनी १९६७ च्या युद्धात एक पाय गमावला होता. त्यांनी गाण्यात मेलेल्या सैनिकांनाच बोलते केले. प्रार्थना, अश्रू किंवा विजयाची गाणी आम्हाला परत आणणार नाहीत, असे ते मृत सांगतात. शांततेचा दिवस उगवेल म्हणून वाट पाहू नका, तो आणा, असा गाण्याचा आग्रह आहे. शहिदांच्या नावाने शोक करण्याची रूढ रीत त्याने थेट नाकारली, आणि त्याची खरी धार इथेच आहे.

चाल याईर रोझेनब्लुम यांची. जेरुसलेममधील लढाईवरचे ‘गिवात हातहमोशेत’ हे प्रसिद्ध गाणेही त्यांनीच स्वरबद्ध केले होते. शांतिगीताला मात्र त्यांनी रॉकचा ठेका दिला. मुख्य आवाज मिरी आलोनी यांचा होता.

लष्करातले सगळेच अधिकारी हे ऐकून घेणारे नव्हते. मध्य विभागाचे प्रमुख रेहावाम झेएवी यांनी आपल्या हद्दीत हे गाणे गाण्यास मनाई केली. तरी ते लोकांच्या तोंडी बसले आणि शांतता चळवळीच्या सभांचे गाणे झाले.

४ नोव्हेंबर १९९५ रोजी तेल अवीवच्या शांतता सभेत पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी मिरी आलोनी यांच्यासोबत ते गायले. सभा संपून राबिन मोटारीकडे जात असताना गोळ्या झाडून त्यांची हत्या करण्यात आली. गाण्याचा कागद त्यांच्या खिशात होता. अंत्यसंस्कारात त्यांचे सहकारी एतान हाबेर यांनी रक्ताने माखलेल्या त्याच कागदावरून ते शब्द वाचले.