ईस्ट ग्रीनिचचं कलम

वर्षाला दहा पौंडांवर मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला गेली, हे आपण शाळेतच ऐकलेलं असतं. १६६८च्या त्या सनदेतलं एक कलम मात्र कुणी सांगत नाही. कंपनीने बेट धारण करायचं ते केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच या राजाच्या जहागिरीतली जमीन असल्यासारखं! मुंबईच्या नारळीच्या वाड्या कुठे आणि टेम्सकाठ कुठे! त्या कलमाचा माग काढत गेलो, तर सापडली अमेरिकेतल्या कनेक्टिकट वसाहतीची सनद. राजा तोच, दुसरा चार्ल्स. साल १६६२. आणि पुन्हा ईस्ट ग्रीनिच.

मेख अशी की, या धारणेत सरंजामी लष्करी चाकरी नसे. ठरलेलं देणं दिलं की सुटलात. कनेक्टिकटने द्यायचा होता सोन्यारुप्याच्या खनिजाचा पाचवा हिस्सा. तिथे सोनं निघतंय कशाला!

वसाहतीचा गव्हर्नर धाकटा जॉन विन्थ्रॉप याने लंडनला जाऊन ही सनद पदरात पाडून घेतली. गव्हर्नर, त्याचा डेप्युटी, बारा सहायक, सगळे दरवर्षी वसाहतीतल्या मताधिकारी पुरुषांनी निवडायचे. राजाने धाडलेला माणूस एकही नाही. मला भुरळ पडली ती याची. १६८७ मध्ये राजाचा माणूस सर एडमंड अँड्रॉस सनद परत घ्यायला हार्टफर्डला आला, तेव्हा म्हणे मेणबत्त्या विझल्या आणि सनद ओकच्या ढोलीत गेली. मेणबत्त्यांचं सोडा, पण तिची दुसरी प्रत जपल्याबद्दल १७१५ मध्ये विधिमंडळाने जोसेफ वड्सवर्थला वीस शिलिंग दिले, ही नोंद पक्की आहे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावरही १८१८ पर्यंत राज्याची घटना हीच होती.

सीमा लिहिताना मात्र लेखणी मोकाट सुटली. पूर्वेला नॅरागॅन्सेटचा उपसागर, पश्चिमेला थेट ‘दक्षिण समुद्र’, म्हणजे पॅसिफिक. मधल्या मुलखातल्या मूळ रहिवाशांना विचारतो कोण? शेजारची न्यू हेवन वसाहतसुद्धा अशीच, न विचारता आत ओढली गेली. पुढे १६८१ मध्ये याच राजाने विल्यम पेनला दिलेला मुलूख, म्हणजे पेन्सिल्व्हेनिया, त्याच पट्ट्यावर चढला. १७६९ पासून तिथल्या वायोमिंगच्या खोऱ्यात दोन्हीकडचे वसाहतवाले बंदुका घेऊन भिडले. १७८२ साली ट्रेंटनला निकाल पेन्सिल्व्हेनियाच्या बाजूने लागला. तरी ओहायोतल्या तुकड्यावरचा हक्क कनेक्टिकटने सोडला नाही. १७९५ मध्ये तो बारा लाख डॉलरला विकला. पैसे शाळांच्या निधीत गेले, आणि घेणाऱ्यांनी पुढच्याच वर्षी तिथे क्लीव्हलंड आखायला घेतलं.