फर्मवेअर अपडेटवर टोकनचा पहारा

२०१८ मध्ये आसुसच्या लॅपटॉपमध्ये कंपनीच्या अधिकृत अपडेटमधूनच मालवेअर शिरलं, आणि त्यावर कंपनीचीच खरी डिजिटल सही होती! म्हणजे नुसत्या सहीवर विसंबून भागत नाही. म्हणूनच ब्लॉकचेन टोकनची कल्पना मला फार आवडते.

राउटरसारख्या उपकरणाच्या नव्या फर्मवेअरचा, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, एसएचए-२५६ हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) ब्लॉकचेनवरच्या नोंदीत, म्हणजे टोकनमध्ये, नोंदवायचा. राउटर फाइल डाउनलोड करतो, स्वतः हॅश काढतो आणि नोंदीशी ताडून बघतो. एक बिट बदलला तरी हॅश पार वेगळा येतो. अपडेट नाकारलं जातं. टोकन काढायला तीनपैकी दोन डिजिटल किल्ल्यांची अट घातली, की एकच किल्ली चोरून काही साधत नाही. आवृत्ती सदोष निघाली तर टोकन रद्द.

मूळ कोडच कंपनीत बिघडवला असेल, तर मात्र ब्लॉकचेनही हतबल. अशी टोकनची सोय नसली, तरी तुम्ही फर्मवेअर अधिकृत साइटवरूनच घ्या आणि हॅश दिलेला असेल तर जरूर ताडून पाहा.