विश्लेषण : वजनाने हलकी, वेगाने अफाट... कॅरिबियन शर्यतीत नौकेवरचा चमू नेमके काय करतो?

अँटिगा म्हटले की भारतीय क्रिकेटरसिकांना व्हिव्हियन रिचर्ड्स आठवतात. मात्र दर फेब्रुवारीत या छोट्या बेटावर वेगळीच गर्दी असते. येथून सुटणारी ‘कॅरिबियन ६००’ ही शिडाच्या नौकांची शर्यत ११ बेटांना वळसा घालून पुन्हा येथेच संपते. या शर्यतीत सर्वांत वेगवान नौका वजनाने हलक्या असतात आणि त्यांना सरळ ठेवण्याचे काम बऱ्याच अंशी माणसेच करतात.

शर्यत कशी असते?

ब्रिटनमधील रॉयल ओशन रेसिंग क्लबने २००९ मध्ये ही शर्यत सुरू केली. अंतर सुमारे ६०० सागरी मैल, म्हणजे साधारण १,११० किलोमीटर. इंग्लिश हार्बरजवळच्या फोर्ट शार्लट येथून नौका निघतात. बार्बुडा, नेव्हिस, साबा, सेंट मार्टिन, ग्वाडेलूप अशा बेटांजवळून जात त्या परततात. ‘रॅम्बलर १००’ या एकतळी नौकेने २०११ मध्ये हे अंतर ४० तास २० मिनिटांत कापले. २०१८ मध्ये ‘रॅम्बलर ८८’ने ही वेळ ३७ तास ४१ मिनिटांवर आणली. लहान नौकांना मात्र तीन-चार दिवस लागतात.

हलकी नौका वेगवान का?

जड नौका पाणी बाजूला सारत पुढे जाते. त्यातून उठलेल्या लाटेतच ती अडकते. तिची वेगमर्यादा पाण्यालगतच्या लांबीच्या वर्गमुळावर ठरते. ३६ फुटांसाठी ती जेमतेम ८ नॉट, म्हणजे ताशी १५ किलोमीटर येते. सपाट तळाची हलकी नौका मात्र वारा पाठीशी असताना स्वतःच्या लाटेवर चढते आणि पाण्यावरून घसरत जाते. मग २० नॉटचा वेगही गाठता येतो. म्हणूनच या नौका कार्बन फायबरच्या बनवतात. ५२ फुटी ‘टीपी ५२’ नौकेचे वजन अवघे सात टनांच्या आसपास असते.

मग चमूचे काम काय?

पहिले काम म्हणजे वजन होणे. वाऱ्याच्या दिशेने जाताना नौका एका बाजूला कलते. तिला सावरण्यासाठी मोकळे असलेले सगळे जण वाऱ्याकडच्या कडेवर, पाय बाहेर सोडून रांगेत बसतात. सरासरी ८५ किलोचे १२ जण धरले तर एक टन होतो, म्हणजेच नौकेच्या वजनाचा सातवा भाग. नौकेने दिशा बदलली की सगळ्यांनी झटपट दुसऱ्या कडेवर जायचे. रात्री झोपायचे तेही वाऱ्याकडच्याच बाजूला.

बाकी कामे वाटलेली असतात. एक जण सुकाणू धरतो, एक मार्ग आखतो, काही जण शिडांचे दोर सतत सैल-घट्ट करतात, तर एक जण उसळत्या नाळेवर उभा राहून शिडे बदलतो. चमू पाळ्यांमध्ये विश्रांती घेतो. जेवणही हलके, गरम पाणी घालून खायचे कोरडे अन्न.

वारा कुठे फसवतो?

पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे या दिवसांत बऱ्यापैकी भरवशाचे असतात. मात्र ग्वाडेलूपवरील ‘ला सुफ्रिएर’ हा १,४६७ मीटर उंचीचा ज्वालामुखी वारा अडवतो. त्याच्या आडोशाला २० नॉटने धावणारी नौकाही जागीच डुलत राहू शकते. किनाऱ्याला चिकटून जायचे की दूरून, या निर्णयात तास वाचतात किंवा वाया जातात.

धोका किती?

धोका खराच आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये विक्रम करणाऱ्या ‘रॅम्बलर १००’चा, तळाखालचे वजन पेलणारा पाता (कील) त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयर्लंडजवळ फास्टनेट शर्यतीत तुटला आणि नौका उलटली. पाच जण नौकेपासून दूर वाहून गेले. पण सर्व २१ जण वाचले. २०१८ च्या कॅरिबियन शर्यतीत ‘फुजिन’ ही जुळ्या तळाची नौका रात्री साबा बेटाजवळ उलटली. त्यातील आठही जण सुखरूप राहिले. संकटातील व्यक्तीला शक्य ती सर्व मदत करणे हा नौकाशर्यतींचा मूलभूत नियम आहे. मदतीत गेलेल्या वेळेची भरपाई मागता येते. त्यामुळे शर्यत सोडून वळताना कोणाला हिशेब करावा लागत नाही.

पहिली येणारीच विजेती का?

नाही. प्रत्येक नौकेला क्षमतेनुसार गुणांक असतो आणि लागलेल्या वेळेला त्याने गुणतात. समजा, १.४ गुणांकाच्या नौकेने ५० तास घेतले, तर हिशेबी वेळ ७० तास. १.१ गुणांकाची नौका ६२ तासांनी आली, तरी तिची वेळ ६८.२ तास होते आणि ती जिंकते. म्हणजे महागडी, हलकी नौका घेतली की करंडक मिळतो असे नाही. तिला मिळालेला वेग गुणांकात आधीच मोजलेला असतो. त्यापुढची मिनिटे मिळतात ती अंधारात, ओल्या कपड्यांत, तिसऱ्या रात्रीही कडेवर टिकून बसणाऱ्या चमूमुळे.