जीवकाचे एक योजन आणि अंबरनाथचे वैद्यकीय महाविद्यालय

विनयपिटकातील महावग्गात जीवकाची कथा आली आहे. राजगृहाच्या उकिरड्यावर टाकून दिलेल्या या अर्भकाला राजपुत्र अभयाने वाढविले. वयात आल्यावर जीवक तक्षशिलेस गेला व तेथे सात वर्षे वैद्यक शिकला. आपले शिक्षण केव्हा संपणार, असे त्याने विचारले तेव्हा आचार्यांनी त्याला कुदळ घेऊन तक्षशिलेभोवती एक योजन हिंडावयास व जे औषधी नाही असे काही आढळेल ते आणावयास सांगितले. जीवक रिकाम्या हातांनी परतला. औषधी नाही असे त्याला काहीच आढळले नाही. तेव्हा त्याचे शिक्षण पुरे झाले, असे आचार्यांनी मानले.

या कथेतील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जीवकाची परीक्षा पाठांतराची नव्हती. आपण जेथे शिकतो तो परिसर स्वतःच्या पायांनी हिंडून, स्वतःच्या डोळ्यांनी तपासण्याची ती परीक्षा होती. वैद्यकीय शिक्षण व संशोधन यांचे नाते समजून घेण्यास एवढे सूत्र पुरेसे आहे.

हा विषय आज आपल्या दाराशी आला आहे. महाराष्ट्रातील १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले, त्यांत ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे महाविद्यालय आहे. त्याची प्रवेशक्षमता १०० विद्यार्थ्यांची आहे. आपल्या भागातून डॉक्टर घडतील व उपचाराची सोय वाढेल, याचा आनंद रास्तच आहे. परंतु वैद्यकीय महाविद्यालयाचे कार्य एवढ्यावर संपत नाही. नवे ज्ञान निर्माण करणे हेही त्याचे कर्तव्य होय.

या महाविद्यालयाभोवतीचे एक योजन कसे आहे? फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधील निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथे घराघरांतून व गाळ्यांतून शिवणकामापासून जीन्सच्या उद्योगापर्यंत अनेक लहान व्यवसाय वाढले. अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या व त्यांत रासायनिक कारखानेही आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगर परिसरात वालधुनी नदीत सोडलेल्या रसायनातून विषारी वायू पसरून शेकडो रहिवाशांना त्रास झाला. जून २०२१ मध्ये बदलापूरला एका कारखान्यातील वायुगळतीने लोकांना श्वास घेणे कठीण झाले. अशा घटना वृत्तपत्रांत येतात. पण रोज थोडी थोडी धूळ किंवा वाफ छातीत जाऊन दहा वर्षांनी जडणारा आजार बातमी होत नाही. तो केवळ संशोधनानेच दिसू शकतो.

असे संशोधन एका साध्या प्रश्नाने सुरू होते. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने कामगारांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला. वैद्याने रुग्णाला जे विचारावयाचे त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालावी, असे त्याने सुचविले. तो प्रश्न म्हणजे, तुझा व्यवसाय कोणता?

या प्रश्नाचे सामर्थ्य तुर्कस्तानातील एका उदाहरणावरून कळते. जीन्सच्या कापडाला जुनाट, विटका रंग यावा म्हणून तेथे दाबाच्या हवेने त्यावर वाळूचा मारा करीत. हे काम कोंदट खोल्यांत, पुरेशा संरक्षणावाचून चाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पूर्वेकडील अर्झुरूम शहराच्या अतातुर्क विद्यापीठातील डॉक्टरांकडे दम लागणारे काही तरुण आले. अशा लक्षणांना क्षयरोग समजण्याची चूक सहज होते. डॉक्टरांनी मात्र ते कोणते काम करीत होते याचा शोध घेतला. वाळूतील सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस हा तो आजार होता. फुप्फुसाची झालेली हानी भरून काढणारे औषध त्यावर नाही, पण धूळ टाळली तर आजार पूर्णपणे टळतो.

डॉक्टर दोन-चार रुग्णांवर थांबले नाहीत. त्यांनी हे काम पूर्वी केलेल्या इतर तरुणांना शोधून तपासले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार क्ष-किरण चित्रे उपलब्ध असलेल्या १४५ जणांपैकी ७७ जणांना सिलिकोसिस आढळला. ज्याचा धुळीशी संबंध अधिक, त्याला आजाराचा धोकाही अधिक, असेही दिसून आले. २००९ साली तुर्कस्तानने या पद्धतीवर बंदी घातली. उल्हासनगरात हीच पद्धत आहे असे येथे सुचवावयाचे नाही. राजधानीपासून दूर असलेले एक महाविद्यालय आपल्या रुग्णांना नीट प्रश्न विचारून काय साधू शकते, हे त्यावरून दिसते.

संशोधनाचा दुसरा आधार तुलना हा होय. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला व ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रयोगाच्या गावांत हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो जवळजवळ तेवढाच राहिला. ती गावे नसती तर हा बदल आपोआप झाला, असे कोणीही म्हणू शकला असता.

तिसरा आधार संमतीचा आहे व तो आपल्या समाजाला विशेष महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात उपदंश झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना अंधारात ठेवून केवळ त्यांच्या रोगाचे निरीक्षण केले गेले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. ज्याची प्रतिष्ठा समाज मानत नाही, त्याचे शरीर ज्ञानाचे फुकटचे साधन ठरते. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नैतिकता समितीची मान्यता आणि समजेल अशा भाषेत माहिती देऊन घेतलेली संमती यांवर भर दिला आहे. संमती नाकारता येते, दिलेली परतही घेता येते आणि त्यामुळे उपचारात उणे पडता कामा नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे सदस्य होते व कामगार कायद्यांना त्यांनी नवे वळण दिले. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ८९ ने ठरावीक व्यवसायजन्य रोग आढळल्यास त्याची सूचना शासनाला देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. २०२० च्या संहितेतही ते बंधन आहे. परंतु रुग्णाच्या कागदावर व्यवसायाची नोंदच नसेल तर कायदा काय करणार? सिलिकोसिसने गेलेला कामगार क्षयाने गेला असे लिहिले गेले, तर त्याच्या कुटुंबाचा भरपाईचा हक्क त्या एका शब्दाबरोबर बुडतो आणि त्याच्या जागी आलेला दुसरा कामगार तीच धूळ श्वासाबरोबर घेत राहतो.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावा अशी योजना आहे. ही भेट वजन व रक्तदाब मोजण्यापुरती उरू नये. घरातील प्रत्येक जण कोणते काम करतो, किती वर्षे करतो, पाणी कोठून येते, हे विद्यार्थी लिहू लागले तर काही वर्षांत या तीन शहरांच्या आरोग्याचे विश्वसनीय चित्र उभे राहील.

आपल्यालाही यात वाटा उचलावयाचा आहे. महावग्गातच शुश्रूषेस सोप्या अशा रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत. आपला आजार जसा आहे तसा सांगणे हा त्यांपैकी एक होय. डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपले काम, त्यातील धूळ, वाफ, रसायन यांची माहिती आपण होऊन सांगावी, ती केसपेपरवर लिहून घ्यावी व जुने कागद जपून ठेवावेत. जीवकाला एक योजनात टाकाऊ असे काहीच आढळले नाही. अंबरनाथच्या विद्यार्थ्यांनाही त्यांच्या एक योजनात, ज्याची नोंद घ्यावयास नको असा एकही माणूस आढळू नये.